कॉशन ऑर्डर

आमच्या गावाचं नाव जांभूळ. हे नाव फोनवर सांगून पाहा, म्हणजे मला रोज काय सोसावं लागतं ते कळेल. "पत्ता?" "जांभूळ." "काका, फळ नको, पत्ता सांगा." बरं, फळाचा मान तरी आमच्याकडे असावा, तर तोही शेजारच्या बदलापूरनं पटकावला. भौगोलिक मानांकन मिळालं ते बदलापूरच्या जांभळाला. जांभूळच्या जांभळाला कोणी विचारलं नाही.

आमच्याकडे दोनच गोष्टी मुबलक आहेत. एक पाणी. बारवी धरणाचं पाणी आमच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथे न्हाऊनमाखून स्वच्छ होतं आणि मोठाल्या नळांतून ठाणे जिल्ह्यातल्या शहरांकडे निघून जातं. दुसरी गोष्ट मात्र कुठेही निघून जात नाही. ती म्हणजे उकाडा. एका अंगाला अंबरनाथ, दुसऱ्या अंगाला बदलापूर, मधे आम्ही. समुद्राचा वारा मुंबईकरांना गार करीत करीत आमच्यापर्यंत पोचेतो इतका दमलेला असतो, की आम्हीच त्याला पाणी विचारावं. एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारा ते चार या वेळात गावातली कुत्रीसुद्धा भुंकण्याचा कार्यक्रम तहकूब ठेवतात.

अशाच एका एप्रिलातल्या दुपारी माझा लॅपटॉप बसला.

बसला म्हणजे बंद पडला असता तर मी समजू शकलो असतो. बंद पडलेल्या यंत्राबद्दल माझ्या मनात आदर असतो, कारण ते निदान एका निर्णयाला येतं. हा चालू होता. दिवा लागलेला, पंखा गिरणीसारखा घरघरतोय, पण कळ दाबावी आणि जाऊन पाणी पिऊन यावं, तेव्हा कुठे अक्षर उमटावं. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी हिशेब लिहिले, त्यामुळे 'काम चालू आहे' असा देखावा मला लांबूनही ओळखता येतो. मी ठरवून टाकलं, हा कामचुकार आहे.

एरवी मी त्याला त्याच्या गतीनं जगू दिलं असतं. पण या वेळी प्रश्न आईच्या आवाजाचा होता.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण, अक्का, बदलापूरला मुलीकडे राहते. वय चौऱ्याहत्तर. गेली दोन वर्षं ती एकेक गोष्ट विसरत चालली आहे. आधी चष्मा, मग वार, मग गल्ली. मधूनमधून मलाही विसरते आणि 'हे कोण आलेत, यांना चहा द्या' म्हणते. तेवढा चहा मिळतो म्हणून मी ते हसण्यावारी नेतो. पण फेब्रुवारीत एकदा जेवताजेवता तिनं हात थांबवला आणि विचारलं, "बाळू, आईचा आवाज कसा होता रे?"

मी म्हटलं, "चांगला होता."

"तसं नव्हे रे. कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाही आठवत नाही. आई १९९३ साली गेली. तिचा चेहरा आठवतो, लुगड्याचा रंग आठवतो, तिच्या हातचा धपाटा तर पाठीला अजून आठवतो. आवाज मात्र कुठे ठेवला ते सापडेना. अक्काची गोष्ट वेगळी, तिला निदान कारण आहे.

आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. आमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. मे १९९१, अंबरनाथचा हॉल, आणि कॅसेट तीन तासांची, कारण व्हिडिओवाल्यानं पंगतीतला प्रत्येक माणूस जिलबीसकट टिपला होता. ही कॅसेट माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पस्तीस पावसाळे काढून बसली होती. बाहेर काढली तेव्हा टेपच्या कडेला पांढरी बुरशी. उल्हासनगरच्या एका जुन्या कारागिरानं ती पुसून दिली आणि निकाल सांगितला, "तीन वेळा चालेल, काका. चौथ्या वेळेचं देवाला माहीत."

व्हीसीआर आमच्या सोसायटीतल्या एका माळ्यावरून मिळाला. आमच्या नव्या टीव्हीला त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची भोकंच नाहीत, तेव्हा चित्र लॅपटॉपवरच पाहायचं आणि पाहतापाहता उतरवून घ्यायचं. त्यासाठी एक बोटभर डबी मिळते. ती व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपच्या पोटात सोडते. लॅपटॉपनं सेकंदाला २५ चित्रं घ्यायची, ती दाबूनदुबून बारीक करायची आणि साठवायची. कॅसेट कुणासाठी थांबत नाही. लॅपटॉप मागे पडला की मधली चित्रं गळतात आणि आवाजाचे तुकडे होतात.

पहिली खेप मी भर दुपारी, पलंगावर, गादीवर बसून केली. अक्षता पडेपर्यंत झकास चाललं. मग पडद्यावर सूचना आली की एन्कोडरला भार झेपेनासा झालाय. भटजी अडखळू लागले. ते मूळचेच अडखळत असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण पुढे वरात, पंगत, सगळं जगच अडखळू लागलं. तास-पावणेदोन तासांनी पडद्याच्या कडेनं आई आली. कॅमेऱ्याकडे वळली, तिनं तोंड उघडलं, आणि चित्र थिजलं. आवाज आला तो असा: "पो... पो... ली... झी." नंतर एकदम जिलबी.

तीनातली एक खेप संपली.

रात्री भाच्याला फोन लावला. अक्काचा हा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये असतो. हा लॅपटॉपही त्याचाच, २०१७ सालचा. विंडोज दहाची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि नव्या अकराला या वयाचा प्रोसेसर चालत नाही, म्हणून त्यानं त्यावर लिनक्स चढवून तो मामाला दिला. पूर्वी थोरल्याचे शर्ट धाकट्याला येत, आता भाच्याचे लॅपटॉप मामाला येतात. लिनक्स म्हणजे हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्यानं १९९१ साली, म्हणजे आमच्या लग्नाच्याच साली, सुरू केलेली फुकट प्रणाली. फुकट या शब्दाशी माझं भांडण नाही. पण जिथे हिवाळ्यात समुद्र गोठतो तिथल्या पोरानं बांधलेली वस्तू एप्रिलात जांभूळला आणून चालवायची, तर कुठेतरी कुरकुर होणारच.

"मामा, गादीवर ठेवला होतास का?"

"तुला कसं कळलं?"

"सगळे मामा गादीवरच ठेवतात. हवा आत घ्यायची भोकं त्याच्या पोटाला असतात. तू नाक दाबून त्याला पळवत होतास."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी दुपारीच म्हटलं होतं." तिनं दुपारी म्हटलं होतं ते 'गादीवर बसून खाऊ नका' एवढंच. पण संसारात म्हटलेलं सगळं कधी ना कधी लागू पडतं.

"आधी आपण निदान करू," भाचा म्हणाला. "ताप किती आणि वेग किती, दोन्ही एकदम बघायचे. वेग कमी आणि तापही कमी असेल तर दुखणं वेगळं, कदाचित चार्जर ओळखला जात नसेल. वेग कमी आणि ताप जास्त, तर उष्णता. टर्मिनल उघड."

लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी चौकट असते. तीत आज्ञा लिहायच्या. आज्ञा देण्याची सवय एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि जवळजवळ तेवढ्याच संसारात मला कधी लागली नाही, त्यामुळे हात थरथरत होता.

"लिही. वॉच, जागा सोड, ग्रेप."

"ग्रेप म्हणजे द्राक्ष?"

"द्राक्ष नाही, मामा. जी, आर, ई, पी. मग एमएचझेड. एम मोठा, एच मोठा, झेड छोटा."

"झेडनं काय घोडं मारलंय?"

"मामा! मग स्लॅश प्रॉक, स्लॅश सीपीयूइन्फो."

"स्लॅश इकडे झुकलेली की तिकडे?"

यावर पुण्याहून थोडा वेळ काही आलं नाही. मग "पुढे झुकलेली, मामा. वाकून नमस्कार करणारी," असं उत्तर आलं, आणि ते इतकं चोख होतं की मी अजून विसरलेलो नाही.

चौकटीत आकडे नाचू लागले. प्रोसेसरचा वेग. ३१००, ३१००, ३०९०. मग 'सेन्सर्स' नावाची आज्ञा दिली, तिनं ताप दाखवला. ७९, ८८, ९६. मी कॅसेट न लावता नुसतंच काहीतरी जड काम त्याला दिलं होतं. ९९ झाले आणि माझ्या डोळ्यांदेखत ३१०० चे १९०० झाले, १९०० चे १२००, मग ८००. आजाऱ्याच्या उशाशी तक्ता लावतात तसा तो मी वाचत होतो.

"आता सूडो डीमेसेज."

"सूड?"

"सूडो. म्हणजे मालकाच्या अधिकारानं. पासवर्ड मागेल."

पासवर्ड लिहू लागलो तर चौकटीत एक ठिपकासुद्धा उमटेना. मी कळफलक उलटा करून आपटला. मग कळलं की तिथे पासवर्ड दिसतच नाही, आंधळ्यानं सही करावी तसा तो द्यायचा. एकदाचा दिला. भराभर ओळी धावल्या आणि त्यात पुन्हा पुन्हा तीच एक ओळ: कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड. म्हणजे, गाभ्याचा ताप मर्यादेबाहेर गेला, वेग आवळला. पुढे किती वेळा ते: ४१२.

चारशे बारा वेळा तो मला लेखी कळवत होता. मी वहीच उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत बातमी पसरली. सल्ल्याला आमच्याकडे उकाड्यापेक्षाही तोटा नाही. एकीनं वाळ्याचा पडदा सुचवला. एकानं फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं. हा सल्ला मला इतका पटला की मी भाज्यांचा कप्पा रिकामा करत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला म्हणून वाचलो. गार झालेला लॅपटॉप आमच्या दमट हवेत बाहेर काढला की माठासारखा घाम फुटतो म्हणे, आतून. मी मग दोन जाडजूड दिवाळी अंकांवर त्याचे चार कोपरे टेकवले, टेबलफॅन लावला, वर पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो आणि दुसरी खेप सुरू केली. दुपारचे दोन. गादी नाही, पंखा आहे, आता काय होतंय?

चाळीस मिनिटांनी ८००. मी कॅसेट थांबवली. पुढची अर्धी तरी टेप वाचली एवढंच. दोन खेपा संपल्या.

तेव्हा मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज खालच्या मजल्यावर गेला असावा, कारण गार्डसाहेब वर आले. हे मध्य रेल्वेतून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. २०२२ पासून रेल्वेनं गार्डाला ट्रेन मॅनेजर केलं, हे त्याआधीच उतरले म्हणून गार्डच राहिले आणि त्याची सल त्यांच्या मनात आहे. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले. ९९, ८००. मला हे समजावून सांगावं लागणार म्हणून मी श्वास घेतला, तर तेच म्हणाले, "कॉशन ऑर्डर लागलीय हो याला."

"म्हणजे?"

"मे महिन्यात रूळ तापतात, फुगतात. कुठे जास्त फुगले तर बाजूला वाकतात. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी माणसं रुळावर गस्त घालतात आणि संशय आला की पुढच्या गाडीला कागद मिळतो: अमुक ते अमुक खांब, वेग इतकाच. गाडीतले लोक शिव्या देतात. देऊ द्यावेत. तो कागद मिळाला आणि तरीही गाडी पळवली, तर शिव्या द्यायला माणसं उरत नाहीत."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. कामचुकार म्हणून ज्याला गेले दोन दिवस मी बोलत होतो, तो कागद पाळत होता.

पुढे भाच्यानंही तेच त्याच्या भाषेत सांगितलं. पूर्वीच्या काही प्रोसेसरना ही अक्कल नव्हती. २००१ साली संगणक-परीक्षण करणाऱ्या मंडळींनी चालत्या प्रोसेसरवरचा गार करणारा धातूचा ठोकळा काढून घेतला आणि त्याचं चित्रीकरण केलं. एएमडीच्या अॅथलॉननं वेग कमी केला नाही, त्याचा धूर निघाला. पेंटियम फोर हळू झाला आणि जगला. आता सगळेच हळू होतात. माझ्या लॅपटॉपची मर्यादा १०० अंश. आणि यात खोलीचा हिशेब असतो, तो मला हिशेबनीस म्हणून फार आवडला. उष्णता बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. आत १०० आणि खोलीत २० असेल तर फरक ८०. आमच्या खोलीत त्या दुपारी ४१. फरक ५९. म्हणजे तोच पंखा, तोच लॅपटॉप, पण जांभूळला आणल्याबरोबर त्याच्या कमाईतला चौथा हिस्सा कापला. बिचाऱ्यानं कुणाकडे दाद मागावी?

यावर पुण्याच्या माणसाला साजेल अशी माहितीही भाच्यानं पुरवली. तिथे आयसर संस्थेत २०१९ साली सी-डॅकनं बसवलेला 'परम ब्रह्म' नावाचा महासंगणक आहे आणि त्याच्या प्रोसेसरच्या उशापर्यंत पाणी खेळवून त्याला गार ठेवतात. प्रत्यक्ष परम ब्रह्माला थंड पाण्याची पट्टी लागते म्हटल्यावर माझ्या लॅपटॉपबद्दलचा राग निम्मा उतरला.

"पण मामा, नऊ वर्षांत कुणी उघडलाय का तो?" भाच्यानं विचारलं. "उघड. म्हणजे तू नको उघडू."

उल्हासनगर. कॅम्प नंबर तीन. दुसऱ्या महायुद्धात ही लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथे आले, १९४९ साली उल्हासनगर नाव पडलं, पण पत्ता सांगताना अजून कॅम्पचाच नंबर सांगतात. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' छापतात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणीच म्हातारा झाला होता. दुकानदारानं तो मला स्वतःच सांगितला आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसलो. कामाला सुरुवात बरी झाली.

त्यानं लॅपटॉप पालथा केला, दहा-बारा स्क्रू काढले, पाठ उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, ये लॅपटॉप है या गोधडी?"

पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पापुद्र्यांची जाळी असते, तिच्यातून गरम हवा बाहेर पडायची. त्या जाळीवर नऊ वर्षांच्या धुळीचं एक जाड, राखी, सलग कापड विणून तयार झालं होतं. त्यानं ते चिमट्यानं उचललं तेव्हा अखंड निघालं. पुणे आणि जांभूळ मिळून विणलेलं. मग तांब्याची चपटी नळी सोडवली. ही नळी भरीव असेल अशी माझी समजूत. तर ती पोकळ निघाली, बंद, आणि तिच्यात थेंबभर पाणी असतं म्हणाला. प्रोसेसरपाशी त्या पाण्याची वाफ होते, वाफ धावत पंख्याकडे जाते, तिथे गार होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या भिंतीला धरून झिरपत परत येते. दिवसभर हीच येरझार, गाजावाजा नाही, वरून पाणी घालायला नको. पाण्याच्या गावात जन्म काढून हे पाणी मला माझ्या मांडीवर असताना माहीत नव्हतं.

नळी आणि प्रोसेसर यांच्यामधे एक लेप असतो. तो वाळून खडखडीत झाला होता. दुकानदारानं खरवडला, मसुराएवढा नवा लेप ठेवला आणि नळी दाबून बसवली. "जास्त लावला तर जास्त गार होईल का?" मी विचारलं. तो म्हणाला, "काका, तूप नाहीये ते." साडेसहाशे रुपये घेतले. मी धुळीचं ते कापड मागून घेतलं आणि कागदात बांधून हिला दाखवायला आणलं. तिनं ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

आता एकच खेप उरली होती आणि रविवारी अक्का येणार होती. शुक्रवारी रात्री भाच्यानं शेवटचा उपाय सांगितला, तो मला सगळ्यांत विचित्र वाटला. "मामा, त्याला पळूच द्यायचं नाही. तो दमतो कशानं, तर सुरुवातीला ३१०० नं पळतो म्हणून. त्याला टर्बो म्हणतात. दोन मिनिटं पळतो, तापतो, मग कोसळतो ८०० वर. त्यापेक्षा पहिल्यापासून २५०० वर चालव." लिनक्समध्ये त्यासाठी 'नो टर्बो' नावाची एक छोटीशी फाइल असते. टर्बो नको असेल तर तिच्यात १ लिहायचा, हवा असेल तर ०. म्हणजे नकाराला होकार दिला की नकार, नकाराला नकार दिला की होकार. आमच्या हिच्याशी इतकी वर्षं बोलत आल्यामुळे मला हे लगेच समजलं. शिवाय चित्र दाबण्याचं काम थोडं ढिलं केलं. फाइल मोठी होईल, होऊ दे. "आणि मामा, दुपारी नको. पहाटे कर."

शनिवारी पहाटे चारला उठलो. जांभूळला एप्रिलात गारवा म्हणून जो काही असतो तो त्या वेळी असतो, नदीच्या बाजूनं येतो आणि साडेसहाला परत जातो. लॅपटॉप खिडकीपाशी, दोन दिवाळी अंकांवर. हिनं न सांगता चहा केला आणि केस बांधत शेजारी येऊन बसली. स्वतःच्या लग्नाला दोघं पहाटे चारला हजर, असं आमच्या खऱ्या लग्नातही झालं नव्हतं. मी उशिरा पोचलो होतो.

कॅसेट लावली. ६८ अंश. २५००. माझं लक्ष लग्नाकडे नव्हतंच, आकड्यांकडे होतं. मंगलाष्टकं झाली. ७३. "बघा, बघा, तुमचे मामा," ही म्हणाली. ७४. तिचे वडील पडद्यावर आले, तेव्हा ती काही बोलली नाही. मीही आकडा वाचला नाही. सहा वर्षांचा भाचा बँडवाल्याचा ढोल मागत भोकाड पसरून गेला. ७६. एका जागी टेपवर बुरशीची पांढरी रेघ वरून खाली सरकली आणि माझा जीव तिच्याबरोबर खाली गेला, पण चित्र पुढे निघालं. २५००. पंगत. ७७. व्हिडिओवाल्याचा तो सनगन, हजार वॉटचा दिवा, हिच्या तोंडावर रोखलेला. नवरी घामाघूम. मळवट ओघळलेला.

आणि आई आली.

रविवारी अक्काला तिच्या मुलीनं सकाळी नवालाच आणलं. भाचाही पुण्याहून आला. अक्कानं मला 'नमस्कार' घातला, तेव्हा मी समजलो की आज चहा मिळणार. गार्डसाहेब आपली खुर्ची घेऊन वर आले. अक्काला लॅपटॉपसमोर बसवलं. मंगलाष्टकं तिनं परक्यांच्या लग्नात बघावीत तशी बघितली. दोनदा विचारलं, "कुणाचं कार्य?" भाच्याचा ढोल आला तेव्हा ती हसली, पण कुठला मुलगा ते तिला उमगलं असं वाटलं नाही. भाचा तिच्या मागे उभा होता.

मग पडद्याच्या कडेनं आई आली. हातात कुणाची तरी लग्नपत्रिका, तिनं ती हिच्या तोंडापुढे हलवायला घेतली आणि कॅमेऱ्याकडे वळली.

"अरे ए, तो दिवा बाजूला घे रे जरा. पोर करपली ना माझी! कुणीतरी पंखा आणा गं."

बस्स, एवढंच. अकरा सेकंद. किंचित घोगरा, शेवट वर नेणारा, आणि 'गं' म्हणताना मागे वळलेला आवाज.

"आणते आई," अक्का म्हणाली आणि उठली.

आम्ही कुणी हललो नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. परत आली ती हिचं सूप घेऊन. आली आणि लॅपटॉपसमोर उभी राहून पडद्याला वारा घालू लागली. एका लयीत, मनगटानं, आई घालायची तसा. पडद्यावर तोवर जिलबी आली होती.

"बाळू," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बघतोस काय, दिवा बंद कर ना तो."

मी उठून खोलीतला दिवा बंद केला. मग कळ दाबून कॅसेट मागे घेतली आणि ते अकरा सेकंद पुन्हा लावले.